बरणीतली उंची

फेब्रुवारी सरत आला, दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर आल्या की दुधात घालायच्या पावडरींचा खप वाढतो. हे मला कुठल्या अहवालात वाचावं लागलं नाही. तासगावात आमचं किराणा-भुसाराचं दुकान होतं आणि शाळा सुटली की मी गल्ल्याशेजारी बसून अभ्यास करायची. खाली पोत्यांची ओळ: शेंगदाणे, हरभरे, नाचणी, हुलगे, कोपऱ्यात गुळाच्या ढेपा. वर, अण्णांच्या डोक्यामागच्या फळीवर, काचेच्या बरण्या आणि रंगीत डबे. त्या फळीवर अण्णांची सत्ता चालत नसे. सेल्समन यायचा, स्वतःच्या हातानं डबे पुसून ओळीत लावायचा, लेबल रस्त्याकडे तोंड करून. महिनाभर माल तसाच मांडलेला राहिला की स्कीममध्ये एखादा डबा फुकट मिळे. शेंगदाण्याच्या पोत्यासाठी असा कुणी कधी आला नाही.

परीक्षेच्या दिवसांत दुकानात येणाऱ्या बायकांचे प्रश्न ठरलेले असत. "शेठ, बुद्धी वाढायला कुठला चांगला?" "पोरगं शेजारच्यापेक्षा बारकं दिसतंय, उंचीचा कुठला हाय?" बहुतेक जणी द्राक्षबागेत विरळणीला, डिपिंगला जाणाऱ्या. आठवड्याची मजुरी हातात आली की आधी तेल, चहा, साखर. मग उरलेल्या पैशांचा अंदाज घेत नजर वर फळीकडे जाई. मोठी बरणी परवडायची नाही, म्हणून छोटं पाकीट नाहीतर पुडी. अण्णा सांगून बघायचे, "ताई, त्यापेक्षा अर्धा किलो शेंगदाणे न्या, गूळ न्या, पोराला रोज मूठभर द्या." शेंगदाणे त्या न्यायच्याच, पण ते चटणीला आणि कुटाला. पोराच्या बुद्धीसाठी पुडी वेगळी. डॉक्टरांचा मुलगा तीच पितो, हेडमास्तरांची मुलगी तीच पिते, मग आपल्या लेकराला का नको, हा त्यांचा हिशेब. त्या हिशेबाला नावं ठेवायला माझी जीभ अजूनही धजत नाही. आपल्या पोरानं उन्हातान्हात बागेत राबू नये एवढंच त्या मागत होत्या, आणि फळीवरचा डबा नेमकं तेच कबूल करत होता.

या पावडरींना आपल्या घरांत जी पत आहे, ती त्यांच्या अंगच्या गुणांपेक्षा कितीतरी मोठी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ती पत आयांच्या काळजीवर वाढली, आणि तिची किंमत सगळ्यांत जड गेली ती ज्यांचा हात आधीच आखडता होता त्यांना. याबद्दल मला राग आहे, आणि तो राग वय वाढलं तसा कमी झालेला नाही.

तरी एक गोष्ट आधी मान्य करते. ही पत एकेकाळी खरोखर कमावलेली होती. जेम्स आणि विल्यम हॉर्लिक हे मूळचे इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरचे भाऊ. जेम्स औषधशास्त्राचा जाणकार. दोघांनी १८७३ मध्ये अमेरिकेत शिकागोला धंदा सुरू केला आणि दहा वर्षांनी माल्ट घातलेल्या दुधाच्या पावडरीचं पेटंट मिळवलं. सातू भिजवायचा, त्याला मोड आणायचे, वाळवून दळायचा. मोड येताना दाण्यातल्या स्टार्चची साखर होऊ लागते, म्हणून माल्ट चवीला गोड आणि पचायला हलका. त्यात दूध आटवून मिसळलं की गरम पाण्यात ढवळून पिता येईल असं काहीतरी तयार होतं. लहान बाळं, आजारातून उठलेले, अन्नावरची वासना गेलेले म्हातारे, यांच्यासाठी ते बनवलेलं होतं. तेव्हा शीतपेटी घरोघर नव्हती आणि शहरातलं दूध नासकं, भेसळीचं असे. त्या काळात ही बाटली उपयोगाची होती. ध्रुवप्रदेशांतल्या मोहिमांत ती नेली जात असे. अंटार्क्टिकातल्या एका पर्वतरांगेला हॉर्लिक हे नाव आहे, कारण रिचर्ड बर्डच्या मोहिमेला विल्यमनं पैसे दिले होते.

भारतात ही बाटली पहिल्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांबरोबर आली. १९६० मध्ये पंजाबात नाभा इथं कारखाना निघाला आणि म्हशीच्या दुधापासून इथंच पावडर होऊ लागली. तेव्हाचा दुधाचा दुष्काळ आजच्या पिढीला सांगून पटत नाही. मुंबईत १९४९ साली आरे कॉलनी उभी राहिली, तरी पुढं कित्येक वर्षं दूध कार्डावर मिळे. पहाटे केंद्रावर रांग लावावी लागे. दुधाचा महापूर योजना सुरू झाली १९७० मध्ये आणि तिची फळं दिसायला आणखी वेळ गेला. दक्षिणेत आणि पूर्वेकडं, जिथं दूध कमी, तिथं दूध असलेली ही पांढरी पावडर सर्वांत जास्त खपली, हे अगदी समजण्यासारखं आहे. आमच्याकडंही मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात कुणाला बघायला जायचं तर मोसंबी आणि हॉर्लिक्सची बाटली घेऊन जायची रीत होती. रुग्ण घरी आला की रिकामी बाटली धुऊन तिच्यात मेतकूट नाहीतर तिखट भरलं जाई. कॉम्प्लानचा जन्मही असाच, ब्रिटनमध्ये ग्लॅक्सोनं आजाऱ्यांसाठी काढलेलं अन्न म्हणून. आजाऱ्याच्या उशाशी असेपर्यंत या बरण्यांबद्दल माझी काही तक्रार नाही.

पण आजारी माणूस महिन्या-दोन महिन्यांत बरा होतो आणि बाटली घेणं थांबवतो. निरोगी मूल मात्र पंधरा वर्षं वाढत असतं. धंद्याच्या दृष्टीनं कुणाकडं वळायचं हे ठरवायला फार डोकं लागत नाही. बरणी आजाऱ्याच्या उशाशीहून उठून शाळेच्या दप्तराशेजारी आली आणि तिथून तिची सगळी भाषा बदलली. बोर्नव्हिटा भारतात १९४८ पासून आहे. तिनं १९७२ पासून प्रश्नमंजूषा चालवली, रेडिओवर ती हमीद सयानी आणि पुढं अमीन सयानी यांच्या आवाजात ऐकू येई. हुशार मुलांचं पेय ही ओळख तिथं पक्की झाली. कॉम्प्लाननं उंची धरली. जाहिरातीतली मुलं भिंतीवरच्या खुणेशी पाठ लावून उभी राहत आणि अभिमानानं सांगत की आम्ही कॉम्प्लानवाले. त्या मुलांत लहानपणीचे शाहिद कपूर आणि आयेशा टाकिया होते. हॉर्लिक्सनं तर उंच, बळकट आणि तल्लख अशी तिन्ही वरदानं एकाच चमच्यात घातली. बूस्टसाठी आधी कपिल देव आले, मग सचिन.

सचिनची ती जाहिरात मराठी घरांत किती खोल उतरली होती ते ज्यांनी पाहिलं त्यांनाच कळेल. आमच्या आळीतली पोरं दूध पिऊन ग्लास आपटायची आणि बॅट घेऊन पळायची. त्या मुलाच्या मागं आचरेकर सर होते, शिवाजी पार्कची माती होती, एका नेटवरून दुसऱ्या नेटवर धावत जाणं होतं, घरातल्या सगळ्यांनी त्याच्यासाठी केलेली तडजोड होती. यातलं काहीच तीस सेकंदांत दाखवता येत नाही. ग्लास दाखवता येतो. आणि आईला विकत घेता येण्यासारखा त्या सगळ्यात तेवढा ग्लासच होता.

उंचीचं घ्या. मुलाची उंची किती होणार याचा मोठा भाग आईवडिलांकडून आलेला असतो. उरलेल्या भागावर पोषणाचा आणि आजारपणांचा परिणाम होतो, पण त्यातला सर्वांत निर्णायक काळ गर्भधारणेपासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंतचा. आरोग्य कार्यकर्ते त्याला पहिले हजार दिवस म्हणतात. आई पोटुशी असताना तिच्या ताटात काय होतं, तिला लोहाच्या गोळ्या मिळाल्या का, बाळाला पहिले सहा महिने अंगावरचं दूध मिळालं का, सातव्या महिन्यात वरचं अन्न वेळेवर सुरू झालं का, त्याला सारखे जुलाब होत होते का, यावर पुढची उंची बरीचशी ठरून जाते. जाहिरातीत भिंतीला पाठ लावून उभा असलेला मुलगा मात्र आठ-दहा वर्षांचा असतो. धुतलेला गणवेश, मागं टाइल्सचं स्वयंपाकघर, दुधानं भरलेला ग्लास. त्या घरात दोन वेळचं नीट जेवण आहे हे चित्रातच दिसतं. अशा मुलाच्या उंचीत एक चमचा माल्टनं किती भर पडणार?

ज्यांच्या उंचीचा प्रश्न खरोखर आहे ती मुलं त्या चित्रात कधीच नव्हती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातली पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आढळली. आपल्या प्रगत म्हणवणाऱ्या महाराष्ट्रात हा आकडा ३५.२ टक्के होता, आणि त्याआधीच्या फेरीत ३४.४. म्हणजे मधल्या वर्षांत आपण पुढं सरकलोच नाही. दर तीन मुलांमागं एकाहून जास्त. मेळघाट, नंदुरबार, पालघर ही नावं कुपोषणाच्या बातम्यांत आपण वर्षानुवर्षं वाचतो. या मुलांसाठी बरणी बनलेली नाही आणि बरणीनं त्यांचं भागणारही नाही. त्यांच्यासाठी १९७५ पासून अंगणवाडी आहे. आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण आणि लहान मुलांना अंडी-केळी मिळतात. उंचीवर खरोखर परिणाम करणारं जे काही आहे ते याच रस्त्यानं जातं. त्याची जाहिरात क्रिकेटच्या सामन्याच्या मधे लागत नाही. अंगणवाडीताई मानधनासाठी संपावर जातात तेव्हा आपण ती बातमी ओलांडून पुढं जातो. मला हे बरणीतल्या साखरेपेक्षाही जास्त सलतं.

साखरेचं आता सांगायलाच हवं. डबा हातात घेतला की पहिल्यांदा तो फिरवायचा. पुढच्या बाजूला धावणारं मूल, दुधाचा फवारा, जीवनसत्त्वांची नावं. माहिती मागं आहे, तिळाएवढ्या अक्षरांत, बहुधा इंग्रजीत. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावी लागते, म्हणून पहिली तीन-चार नावं महत्त्वाची. तिथं माल्ट किंवा धान्याचा अर्क असतो आणि फार खाली न जाता साखर भेटते. २०२३ साली बोर्नव्हिटाच्या पाकिटावर १०० ग्रॅममागं वरून घातलेली साखर ३७.४ ग्रॅम होती. माल्टमध्ये मुळातच असलेली साखर धरली तर एकूण साखर निम्म्याच्या आसपास जाते. प्रथिनं १०० ग्रॅममागं साधारण ७ ग्रॅम. म्हणजे सांगितलेला २० ग्रॅमचा एक वाटा घेतला तर प्रथिनं दीड ग्रॅमही नाहीत. तो वाटा ज्या ग्लासभर दुधात ढवळायचा, त्या दुधात मात्र सहा ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. मूठभर, वीसेक ग्रॅम शेंगदाण्यांत पाच ग्रॅम.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवल्यावर माझ्या मनातला गुंता सुटला. इतकी वर्षं ग्लासातलं काम दूध करत होतं आणि नाव पावडरीचं होत होतं.

पावडरीत काहीच नसतं असं म्हणणं खोटं ठरेल. लोह, आयोडीन, जीवनसत्त्व ड, ब गटातली जीवनसत्त्वं मोजून मिसळलेली असतात आणि ज्या मुलाच्या आहारात ती कमी आहेत त्याला त्यांचा उपयोग होतो. प्रश्न आहे तो ती किती पैशांत, किती साखरेबरोबर मिळतात याचा. हीच तूट डॉक्टर शोधून काढू शकतात आणि त्यावरचा उपाय बरणीपेक्षा स्वस्त असतो. शाळांतून, अंगणवाड्यांतून लोहाच्या गोळ्या तर फुकट वाटल्या जातात.

आणखी एक बाजू आहे, तीही खरी. पुष्कळ मुलं नुसतं दूध तोंडाला लावत नाहीत. चॉकलेटी रंग आला की गटागटा पितात. माझ्या एका चुलतभावाच्या घरी हे रोज चालतं. वहिनी चहाच्या चमच्यानं काठोकाठ दोन चमचे घालते, वर सवयीनं एक चमचा साखर, कारण पोराला त्याशिवाय गोड लागत नाही. तिला मी काय बोलणार? दूध पोटात जातंय हे तिचं समाधान रास्त आहे. पण मग ती पावडर दुधाला चव आणणारी वस्तू आहे, एवढंच. चवीची वस्तू चवीच्या भावानं आणि चवीपुरती घ्यावी. ती शक्ती म्हणून, बुद्धी म्हणून, उंची म्हणून विकली जाते, तिथं फसवणूक सुरू होते. औषध म्हणून दिलेल्या गोष्टीला आई हात आखडत नाही. चमचा शीग लावून भरते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं की वरून मिळणारी साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावी, पाच टक्क्यांच्या आत ठेवता आली तर आणखी बरं. मोठ्या माणसासाठी पाच टक्के म्हणजे जेमतेम २५ ग्रॅम. लहान मुलाचं जेवणच कमी, त्यामुळं त्याची मर्यादा त्याहूनही खाली. सकाळचा एक ग्लास, संध्याकाळचा एक, वर शीग लावलेले चमचे, मधल्या सुट्टीतला बिस्किटांचा पुडा. मूल घराबाहेर पडून चॉकलेट मागण्याआधीच त्याचा दिवसाचा वाटा संपलेला असतो.

एप्रिल २०२३ मध्ये रेवंत हिमतसिंगका या तरुणानं फूडफार्मर या नावानं बोर्नव्हिटातल्या साखरेवर एक छोटा व्हिडिओ केला. तो लाखो लोकांनी पाहिला. कंपनीची कायदेशीर नोटीस आली, त्यानं व्हिडिओ काढून टाकला आणि माफी मागितली. कंपनीचं म्हणणं असं की २० ग्रॅमच्या एका वाट्यात साडेसात ग्रॅम साखर असते, म्हणजे सुमारे दीड चमचा, आणि ती मुलांसाठीच्या मर्यादेच्या बरीच आत आहे. पण विषय दबला नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं कंपनीकडं खुलासा मागितला. त्याच वर्षाअखेरीस पावडरीतली वरून घातलेली साखर ३७.४ वरून ३२.२ ग्रॅमवर आली. एप्रिल २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं आणि पाठोपाठ केंद्रीय वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन विक्रेत्यांना कळवलं की अशी पेयं हेल्थ ड्रिंक या वर्गात दाखवू नका. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात असा वर्गच नाही. हिंदुस्थान युनिलिव्हरनंही त्याच सुमारास हॉर्लिक्स, बूस्टच्या विभागाच्या नावातून हेल्थ काढलं.

तीन-चार पिढ्यांनी ज्या गोष्टीला आरोग्याचं पेय मानलं, तिला तसं म्हणण्याचा कायद्यात आधारच नव्हता, हे कळायला २०२४ साल उजाडावं लागलं. मी ती बातमी दोनदा वाचली आणि मग आमच्या फळीखाली उभ्या राहणाऱ्या त्या सगळ्या बायका मला आठवल्या. त्यांचे पैसे परत मिळणार नाहीत.

या कंपन्यांना दुसरीकडं कसं बोलावं लागतं तेही पाहण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये हॉर्लिक्स अनेक पिढ्या निजायच्या वेळचं पेय म्हणून विकलं गेलं. रात्री पोटाला आधार नसल्यानं सकाळी थकवा येतो, अशी भीती १९३० च्या दशकातल्या तिथल्या जाहिराती घालत आणि झोपताना एक कप घ्या म्हणत. इंग्रज माणसानं शांत झोपण्यासाठी घ्यायचं नाव आपल्याकडं परीक्षेच्या रात्री जागणाऱ्या मुलाच्या टेबलावर आलं. इथली आणि तिथली पावडर अगदी सारखी नसते, हे खरं. पण इथं उंच, बळकट, तल्लख करण्याचं जे वचन बिनधास्त दिलं जात होतं, ते देणारी जाहिरात २००८ मध्ये एका नेपाळी वाहिनीवरून ब्रिटनमध्ये दिसली, तेव्हा तिथल्या जाहिरात-मानक संस्थेनं दाव्यांना पुरेसा आधार नाही म्हणून ती रोखली. कॉम्प्लानच्या उंचीच्या जाहिरातीचंही तेच झालं. त्याच काळात भारतात मात्र दोन्ही कंपन्या एकमेकींच्या जाहिरातींविरुद्ध कोर्टात उभ्या होत्या. कोण कुणाला कमी दाखवतंय यावरून. मूल खरंच उंच होतं का, हे विचारायला त्या कोर्टात कुणी आई गेली नव्हती.

हॉर्लिक्स आणि बूस्ट तोवर ग्लॅक्सोकडं होते; डिसेंबर २०१८ मध्ये ग्लॅक्सोच्या भारतातल्या या व्यवसायाचं हिंदुस्थान युनिलिव्हरमध्ये विलीनीकरण जाहीर झालं. किंमत होती ३१,७०० कोटी रुपये. पुढं भारतापुरतं हॉर्लिक्स हे नाव कंपनीनं वेगळ्या ३,०४५ कोटींना घेतलं. कारखाना नव्हे, माल नव्हे, फक्त नाव. ते नाव इतकं महाग कशानं झालं असेल? माझ्या मते त्यात मिरजेच्या वॉर्डातल्या भेटी आहेत, मार्च महिन्यातल्या धास्ती आहेत आणि आपल्या पोरानं आपल्यासारखं राहू नये ही मजूर बाईची आस आहे. ते भांडवल आपल्या घरांतून गेलं.

मग द्यावं काय, असं मला वहिनीसारख्या पुष्कळ जणी विचारतात. उत्तर नवं नाही म्हणूनच ते पटवणं अवघड जातं. सातूला मोड आणून वाळवणं-दळणं हीच जर युक्ती असेल, तर आपल्याकडं नाचणीसत्त्व पिढ्यान्पिढ्या असंच होतं: नाचणी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणून, सावलीत वाळवून, दळून, वस्त्रगाळ करून. १०० ग्रॅम नाचणीत कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, गाईच्या दुधात १२० च्या जवळपास. नाचणीतलं सगळंच्या सगळं अंगी लागत नाही, पण मोड आणल्यानं ते बरंच सुधारतं. वस्त्रगाळ करताना कोंडा जातो, म्हणून वर्ष-दीड वर्षाच्या पुढच्या मुलाला न गाळलेलं पीठच द्यावं. कोकणात आणि आमच्या भागातही बचत गटांच्या बायका हे पीठ पाकिटात भरून विकतात; त्यात साखर घालायची की गूळ आणि किती, हे आपल्या हातात राहतं. चॉकलेटी चवच हवी असेल तर बिनसाखरेचा कोको पाव चमचा पुरतो. बाकी अंडं खाणाऱ्या घरात अंडं, न खाणाऱ्या घरात शेंगदाणे, फुटाणे, उसळ. परीक्षेच्या काळात मुलाची झोप पुरी होऊ द्यावी, हे माझं मास्तरकीतलं मत. रात्री दोनपर्यंत जागलेल्या मुलाला सकाळी कुठलाच ग्लास तल्लख करत नाही.

सगळा भार मात्र आईवर टाकून चालणार नाही. दुकानाच्या गर्दीत, कडेवर मूल असताना, तिळाएवढी इंग्रजी अक्षरं वाचून शंभर ग्रॅमांचा वीस ग्रॅमांत भागाकार करा, असं कुणी कुणाला कसं सांगावं? चिलीमध्ये २०१६ पासून जास्त साखरेच्या, मिठाच्या, चरबीच्या पदार्थांवर पुढच्याच बाजूला काळा अष्टकोन छापावा लागतो. अक्षरओळख नसलेल्यालाही तो कळतो. आपल्याकडं २०२२ मध्ये पाकिटावर ताऱ्यांनी पदार्थाचा दर्जा दाखवण्याच्या नियमाचा मसुदा आला, अर्ध्या ताऱ्यापासून पाचपर्यंत. मला तारे नको आहेत. साडीच्या दुकानातल्या सवलतीलाही तारे असतात. तीन तारे बघून आईला साखरेबद्दल काय कळणार? डब्याच्या पुढच्या बाजूला, धावणाऱ्या मुलाच्या चित्राइतक्याच मोठ्या जागेत, जिथं विकायचं तिथल्या भाषेत साखर किती ते लिहिलेलं हवं. एका ग्लासामागं किती ग्रॅम, आणि त्याच्याच खाली, तितके ग्रॅम म्हणजे चहाचे किती चमचे. पुडीवरसुद्धा.